डिशच्या तळाचा श्री

केडगावच्या त्या प्रयोगशाळेत सुहास सरांना पांढरा कोट फोटोपुरता लागे. पेशी वाढवायच्या पारदर्शक डिशला हात लावून त्यांना वर्षं लोटली होती. जीभ तेवढी रोज कामावर हजर.

काम कोंबड्यांच्या लशीचं. रोगाच्या विषाणूतलं एक प्रथिन पेशींकडून बनवून घ्यायचं. त्याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि गंमत अशी, की त्या कृतीतल्या बहुतेक प्रत्येक घटकासाठी एकाहून जास्त शब्द चालतात. काही शब्द पेशी भराभर वाचते, काही अडखळत. शब्द बदलले तरी प्रथिन तेच राहतं, बदलतो तो बनण्याचा वेग. हे प्रथिन फार साठलं तर पेशीच मरते, म्हणून सरांच्या हाताखालच्या प्रणितानं मुद्दाम अडखळायला लावणारे शब्द निवडले होते.

"उपासाचं जनुक!" सर सगळ्यांदेखत हसले होते. "मॅडम, स्वतः सोमवार धरता, पेशींना कशाला उपाशी ठेवता?"

मग त्यांनी आपलं जनुक बनवून घेतलं. एकूण एक शब्द भरधाव. पेशींत घालून वाढवायला मात्र प्रणिताच. तिनं दोन्ही डिश सारख्याच मायेनं लावल्या. रिवाजाप्रमाणे दोन्हींच्या तळाला मार्करनं आधी बारीकसा श्री काढला, खाली ज्याचं जनुक त्याचं नाव लिहिलं.

कोणतं जनुक कोंबड्यांपर्यंत न्यायचं, हे कंपनीचे मालक आसारामभाऊ बघून ठरवणार होते. दुसरं कायमचं बाद. सरांनी त्यांना बोलावलं नेमकं सोमवारी सकाळी. प्रणिताचं सोमवारी बारापर्यंत मौन असे, हे शिपायालाही ठाऊक होतं.

सकाळी डिश उबवण-कपाटातून काढून सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या उजेडात ठेवल्या, तर प्रणिताची हिरवी चमकत होती. प्रथिन बनलं की चमकावी अशी खूणच त्याला जोडलेली होती. सरांच्या डिशमधल्या पेशी मरून वर तरंगत होत्या. सरांनी दोन्ही निरखून पाहिल्या आणि तिच्यादेखत झाकणांची अदलाबदल केली. झाकणांवरही नावं होती ना! चोरी करायची तीसुद्धा बिनकष्टाची.

"मौन पाळा हं मॅडम," ते म्हणाले. "पुण्य लागतं."

आसारामभाऊ आले. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यापुढे खुर्ची ओढून बसले.

"हे हिरवं लई भारी दिसतंय, सायेब!"

"माझं भरधाव जनुक, भाऊ."

"आन् हे दुसरं? समदं तरंगतंय की."

"मॅडमचं. सांगून थकलो. आता विचारावं तर त्यांचं व्रत."

"व्हय का, ताई?"

प्रणितानं हात जोडले. मग मेलेल्या पेशींची डिश दोन्ही हातांनी, आरतीचं तबक धरावं तशी आडवी धरून भाऊंच्या डोक्याहून उंच नेली. भाऊंनी मान वर केली.

"हितं खाली लिवलंय की. श्री. सुहास सर." त्यांनी डिश खाली घेऊन झाकण पाहिलं. "आन् वर झाकनावर ताईंचं नाव?"

झाकणं इकडची तिकडे होतात, म्हणून नाव तळाला लिहायचं, हे पेशी वाढवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. सरही कधीतरी शिकले असतील.

"सरमिसळ झाली असेल, भाऊ..."

भाऊंनी स्वतः उठून हिरव्या डिशचा तळ पाहिला. "श्री. प्रणिता. हेच न्यायचं कोंबड्यांस्नी. आन् कामही ताईच बघतील. तुमी फोटोला या, सायेब."

भाऊंची गाडी फाटकाबाहेर पडली, तरी सर डिशपाशीच उभे होते. बाराचा भोंगा झाला. प्रणितानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं,

"सर, तुमची डिश फेकायला ब्लीचमध्ये मी टाकू, की तुम्हाला जमेल?"