कडक इस्त्रीचं बँडेज

माझा मामा ओल्या वस्तूंचा जन्मजात शत्रू आहे. लाँड्री आहे ना त्याची! दमट कॉलर, ओलसर शिवण, नीट न वाळलेला पायमोजा, काही म्हणजे काही त्याच्या बोटांतून सुटत नाही. "ओलं राहिलं की वाया गेलं," हे त्याचं ठाम मत. शर्टांच्या बाबतीत खरंही आहे ते. घोळ असा झाला की मामाने तेच मत स्वतःच्या पायालाही लावलं.

वर्षानुवर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून त्याच्या पायातल्या शिरा पार थकल्या होत्या. घोट्याच्या वर एक जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. दवाखान्यातल्या सिस्टरांनी आधी एका छोट्या यंत्राने पायाला रक्त नीट पोचतंय ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, वर जायचं रक्त खालीच साचतंय. जखमेवर ओलावा धरणारं ड्रेसिंग लावू, आणि वरून हे ताणाचं बँडेज. पंजापासून गुडघ्याच्या खालपर्यंत."

"ओलावा धरणारं?" मामाचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याला ओल्या चादरीची घडी घालायला सांगितलीय.

"हो. ओलसर जखमेत नवी कातडी सहज सरकत येते, सुकवली की अडते. माझ्या मनाचं सांगत नाहीये, कितीतरी लोकांवर तपासून पाहिलंय हे."

"पण माझ्यावर नाही ना पाहिलं," मामा पुटपुटला.

सकाळी बांधायचं, झोपताना सोडायचं, हे काम माझ्याकडे आलं, कारण जखम बघूनच आई भिंतीला टेकली होती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, ताण सारखा ठेवायचा, आणि शेवटी पायाची बोटं गार किंवा निळी पडली नाहीत ना ते बघायचं. मला ते लगेच जमलं! चित्रकलेच्या बाई मला जेमतेम पास करतात, पण मामाच्या पोटरीवरचे माझे वेढे त्यांनी बघायलाच हवेत. रोज शाळेत जाताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

सिस्टरांनी जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड पेनाने गिरवून ठेवली होती. आईने तिथेच बजावलं, "दादा, पुढच्या वेळी ही जखम लहान झाली नसेल, तर टेबल बंद. गल्ल्यावर बसायचं."

"आणि इस्त्री तू करणार? माझ्या गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?"

पण पुढच्या वेळी नवा कागद जुन्यावर ठेवला, तर रेघेवर रेघ! तसूभरही फरक नाही.  मामा स्वतःच्या हातांकडे बघत हळूच म्हणाला, "ठीक आहे. गल्ला तर गल्ला."

म्हणजे चूक माझीच! बांधणारी मी होते ना!

"तू बांधतेस कसं, दाखव बरं," सिस्टर मला म्हणाल्या. मी पिशवीतून आलटूनपालटून वापरायचं दुसरं बँडेज काढलं. चौकोनी घडी, धारदार कडा, असं की लग्नाच्या आहेरात ठेवावं. सिस्टरांनी ते उलगडलं तर कर्रकन वाजलं. ओढून पाहिलं, हूं की चूं नाही. मग त्यांनी नवं पाकीट फोडलं आणि त्यातलं बँडेज ओढलं. ते रबरासारखं लांब झालं आणि सोडल्यावर चटकन मागे आलं.

"हे असं कुणी केलं?"

"मीच!" मामाची कळी एकदम खुलली. "रोज धुतो, खळ घालतो, कडक इस्त्री मारतो. दमटपणाचं नाव नाही! अहो, आणलं तेव्हा काय चोळामोळा होता त्याचा!"

"काका," सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "ताण मारून टाकलात की तुम्ही त्याचा. पायाला बँडेज नव्हतं, कॉलर होती."

"मामा!" मी ओरडलेच. "आणि मला वाटत होतं, धुतलं की ते असंच होतं!"

"छान बांधते तुमची भाची," मी नवं बँडेज बांधून दाखवलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या. "बँडेजच मेलेलं होतं." आईला मात्र त्यांनी विनवलं, "ताई, आता नव्या बँडेजवर एक संधी द्या. अधूनमधून बसायचं, पाय वर ठेवायचा. आणि बँडेजला खळ नाही, इस्त्री नाही. साध्या पाण्यात धुवायचं, न पिळता सावलीत आडवं पसरायचं."

"सुरकुत्यांसकट?" मामाने विचारलं.

"सुरकुत्यांसकट."

आई कशीबशी तयार झाली; मामा पाय वर करून बसला की इस्त्री ती धरायची. मामाने सिस्टरांचं सगळं ऐकलं, पण त्याचे काय हाल झाले म्हणून सांगू! गिऱ्हाइकांशी बोलता बोलता नजर सावलीत वाळत पडलेल्या चुरगळलेल्या बँडेजकडे जायची आणि हात इस्त्रीकडे. मी शाळेतून आल्यावर आधी बँडेज ओढून बघायचे.

"काय डॉक्टरीणबाई, झाली तपासणी?"

"पास! आता बस आणि पाय वर कर."

परवा सिस्टरांनी पुन्हा कागदावर कागद ठेवला. या वेळी नवी रेघ जुनीच्या पुष्कळ आत होती, चारी बाजूंनी. आईने तीनतीनदा वाकून पाहिलं आणि मग म्हणाली, "बरं बाबा, टेबल तुझंच."

 मामा तिथून थेट दुकानात गेला, इस्त्री तापवली, आईने आदल्या दिवशी इस्त्री केलेला शर्ट उचलला, त्याच्या बाहीवरच्या चुण्यांकडे बघून एक मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि पुन्हा पाणी शिंपडायला लागला.