गाळ शून्य

"बाबा, आज ऑफिसकडे काही काम काढून येऊ नका हं," लेक चप्पल घालता घालता म्हणाली.

"मी कशाला येतोय तुझ्या राज्यात? आमचं राज्य जमिनीखाली!" बाप मोठ्याने हसला. तीही हसली, पण मनातून ओशाळली.

बाप तीस वर्षं शहराची गटारं साफ करत होता. लेक त्याच खात्यात इंजिनिअर झाली होती. कोणत्या पाइपातून किती सांडपाणी वाहील, नव्या इमारतींचा भार त्याला झेपेल का, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडत असे. तिचा बाप कोण, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे सफाईवाल्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असे. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना त्यात काही गैर वाटत नव्हतं आणि ती तोंडातून ब्र काढत नव्हती.

त्या दिवशी बाजाराखालच्या मोठ्या पाइपाचा हिशेब काही केल्या जुळेना. कॉम्प्युटर म्हणत होता, पाइप अर्धा रिकामा आहे. प्रत्यक्षात मात्र पाणी काठोकाठ आलं होतं.

"सर, आत गाळ असणार. आपण गणितात गाळ शून्य धरलाय," ती साहेबांना म्हणाली.

"नेहमी शून्यच धरतात, मॅडम. आकडा कशाला बदलता? पाइप साफ करून घ्या, जुळेल आपोआप."

तिने साफसफाईचा कागद भरून दिला.

गाळ उपसणारी यंत्राची गाडी बाजाराच्या अरुंद गल्लीत शिरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप कमरेला दोर बांधून आत उतरला. आतल्या विषारी वायूने त्याचा घात केला. सोबत्यांनी वर ओढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

"तुमच्या ऑफिसातून कागद आला होता म्हणे," आई रडत सांगत होती. "निघताना म्हणाले, साहेबांना घाई आहे, पटकन उरकून येतो."



दोन आठवड्यांनी ती कामावर गेली. साहेब खुशीत होते. "बघा मॅडम, आकडे तंतोतंत जुळले! आता नव्या इमारतींना मंजुरी देऊन टाकू. करा सही."

आकडे जुळले होते, कारण जीव जाण्याआधी बापाने बराचसा गाळ उपसला होता.

"सर, आत गेलेला तो माणूस माझा बाप होता."

तिने गणितात गाळ भरला. पडद्यावर बाजाराखालची रेघ लाल झाली.

"हा पाइप अपुरा आहे. माणसं आत उतरवून आपण तो कसाबसा पुरवतोय. मी सही करणार नाही."

"अहो, हे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय."

"म्हणूनच नाही करणार. आणि हे मी वरपर्यंत लेखी कळवणार आहे."

संध्याकाळी घरी ती आईसमोर बसली.

"आई, तो कागद मीच भरला होता गं."

आई हळूच म्हणाली, "आत कोण उतरणार, ते लिहावं लागलं असेल ना? तेव्हा तरी विचारायचंस."

"नाही लिहावं लागत, आई. पाइपाचा नंबर लिहायचा, तारीख लिहायची. माणसासाठी त्या कागदावर जागाच नाही."