अर्धी

श्रीधरने गोळी आईच्या जुन्या अडकित्त्यात धरली, डोळे किलकिले केले आणि हलकेच दाबली. गोळीचे दोन सारखे तुकडे झाले. आठ महिन्यांत त्याचा हात चांगलाच बसला होता; सुरुवातीला एक तुकडा हमखास गॅसच्या सिलिंडरखाली जाऊन बसायचा आणि त्याला ओणवं होऊन शोधावा लागायचा. एक तुकडा त्याने वाटीत ठेवला, दुसरा बेसिनमध्ये टाकला आणि नळ सोडला.

न्हाणीघरातला नळ त्याआधीपासूनच सुरू होता. नऊ वर्षांची नूपुर हात धूत होती. सव्वासहाला आत गेली होती, आता सात वाजत आले होते. दाराची कडी, दप्तर, कुणाचा खांदा, कशालाही हात लागला की ती धुवायला जाई, आणि ते हात तिच्या मनासारखे स्वच्छ कधीच होत नसत. तळहातांना चिरा पडल्या होत्या.

गोळी अर्धी करायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. चंद्रभानने सांगितलं होतं. चंद्रभान कचेरीत श्रीधरच्या शेजारच्या टेबलावर बसे, आणि मूळव्याधीचं ऑपरेशन झाल्यापासून सगळ्याच रोगांवर अधिकाराने बोले.

“डोक्याच्या गोळ्या आहे गा त्या. एकदा लागल्या का जनमभराच्या. पोरीची जात आहे, उद्या लग्नात कोणी विचारलं त् काय सांगशीन?”

श्रीधरने डॉक्टरांचंही मोडलं नाही आणि चंद्रभानचंही. कारकुनाला जमतो तसा मधला मार्ग काढला. सकाळची गोळी देणं त्याच्याकडे होतं, रात्रीची सुरुचीकडे. बायको शिस्तीची, ती पूर्णच देत असणार. म्हणजे दिवसाकाठी पाऊण औषध पोरीच्या पोटात जातंच, या विचाराने त्याला झोप लागे.

अकरा वाजता तिघं हुडकेश्वरहून धंतोलीच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली, चष्मा कपाळावर सरकवला.

“ही तिसरी गोळी. पहिल्या दोन्हींनी काही झालं नाही, हिनेही नाही. आता जरा जड औषधाकडे जावं लागेल. त्याआधी हिचा ईसीजी काढू.”

“ईसीजी काहून?” सुरुचीने विचारलं.

“हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून. मुलांना आम्ही हे औषध सहज देत नाही.”

पेन कागदावर टेकलं. श्रीधर पेनाकडे बघत राहिला. अठरा वर्षांच्या नोकरीत साहेबाची सही थांबवायची हिंमत त्याला एकदाही झाली नव्हती.

“मॅडम,” तो म्हणाला, “सकाळची मी अर्धीच देऊन राहिलो होतो.”

पेन थांबलं.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. तिन्ही.”

आता सुरुची तोफ डागणार, म्हणून तो खाली मान घालून बसला. भाजीत मीठ जास्त झालं असं म्हटलं तरी ती ऐकून घेत नसे. पण ती पर्सची चेन ओढत होती. उघड, बंद, उघड.

“तुम्ही पण?” ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या संसारात दोघांचं इतकं पूर्ण एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

“मोबाईलवर वाचलं होतं मी, लेकरं सुस्त पडतात म्हणून. वाटलं, सकाळची त् तुम्ही पूर्ण देताच.”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईलची मागची पानं एकेक करून उलटली.

“पहिलीच कदाचित लागू पडली असती,” त्या म्हणाल्या. “नसतीही. आता सांगता येत नाही.” त्यांनी नव्या औषधाचं अर्धवट लिहिलेलं नाव खोडलं. “हीच ठेवू. आठवडाभर रात्रीची पूर्ण द्या, मग सकाळचीही. दीड महिन्याने भेटू.”

मग त्या नूपुरकडे वळल्या. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, दोन्ही हात अधांतरी धरून, कुठेही टेकू न देता.

“इतक्या गोळ्या घेऊनही बरं वाटत नव्हतं, तेव्हा तुला काय वाटायचं गं?”

नूपुरने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“मले वाटलं, गोळ्या चांगल्या आहे,” ती म्हणाली. “मीच खराब आहो.”

बाहेर कंपाउंडरने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. आत कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं.

रात्री जेवणं आटोपल्यावर दोघं ओट्याशी येऊन उभी राहिली. आज एकट्याने तिथे उभं राहायचं नाही, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. सुरुचीने गोळ्यांचं पाकीट वाटीवर धरून मागून अंगठ्याने दाबलं. गोळी कुणाच्याही बोटाला न लागता खाली पडली. श्रीधरने पाण्याचा ग्लास घेतला आणि न्हाणीघराच्या दारासमोर जाऊन थांबला. रोज तो या वेळी, “टाकी रिकामी करतं का?” म्हणून ओरडायचा. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. तो उभा राहिला.

नूपुर बाहेर आली. आईने पुढे केलेल्या वाटीत तिने वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“बाबा, गोल राहते का ही?”

“हो,” श्रीधर म्हणाला. त्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला.