ताज्या अंड्यांनी केला घात

कॉक्! मी इस्रायलमधल्या लोद गावच्या एस्तेरबाईंची कोंबडी बोलतेय. अंगणात दिवसभर "नवाबीण, नवाबीण" म्हणून जिच्या नावानं ओरडा चालतो, ती मीच.

१९६२च्या हिवाळ्यात बाजारातून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी या घरी आले. माझं वय विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. एस्तेरबाई मूळच्या ठाण्याच्या. नवरा मेनाशे विमानतळावर फिटर. मुलगी योखेवेद, तिला मराठीत विचारलं की ती हिब्रूत उत्तर देते.

दुसऱ्याच दिवशी मी अंडं घातलं, तर एस्तेरबाईंनी ते गालाला लावलं. "गरम आहे गे अजून! ठाण्याला एवढं ताजं कुठं मिळायचं?" मी फुगले. शनिवारी तर माझी चैनच. शाब्बाथला, म्हणजे यांच्या विश्रांतीच्या वारी, घातलेल्या अंड्याला त्या दिवशी इथं कोणी हात लावत नाही, म्हणून मी मुद्दाम दारात घालायची आणि सगळी माणसं लांब टांगा टाकत ते ओलांडायची.

घोळ झाला तो शुक्रवारच्या अंड्यांच्या सालनात. एस्तेरबाईंनी कालपरवाची अंडी उकडली. पाण्यात मीठ घातलं, व्हिनेगर घातलं, मग गार पाण्यात बुडवली. ठाण्याला एवढ्यावर भागत असे. इथं मात्र टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघाले. सोललेलं अंडं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं. तीन शुक्रवार हेच. दोष कुणाचा? अर्थात माझा!

"हिच्या अंड्यांतच खोट आहे," एस्तेरबाई म्हणाल्या. "पेसाखच्या सणाला हैफाहून विहीणबाई येतायत. पोरीचं आत्ताच ठरलंय. सणाच्या पानात असली अंडी वाढली तर नाक कापलं जाईल माझं. ह्या वेळी नीट सोलली नाहीत तर हिला शोहेत कसायाच्या सुरीखाली देते."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण राग जास्त आला. ठरवलं, अंडीच द्यायची नाहीत! मुंबईहून जहाजानं आलेली मोठी पेटी कोपऱ्यात सावलीला होती. तिच्यामागं मी घालू लागले. अंडं घातल्यावर गप्प बसणं किती कठीण असतं, ते आमचं आम्हालाच ठाऊक.

बारा दिवस झाले. मेनाशे म्हणाले, "अंडी पण बंद? मग हिला ठेवलीय कशाला?" रागाच्या भरात मीच माझी मान पुढं केली होती.

पण पेसाखच्या आधी या लोकांना झाडलोटीचं वेड लागतं. पावाचा एक कण घरात राहता कामा नये. पेटीसुद्धा हलली. योखेवेद किंचाळली, "इमा! बेत्सिम!" आई धावत आली. पेटीमागं अकरा अंडी!

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," मेनाशे हसले. म्हणी यांच्या, बदनामी आमची.

एस्तेरबाईंनी एकेक अंडं पाण्यात सोडून पाहिलं. सगळी तळाला बसली, म्हणजे चांगली होती. मग आठवड्यानं, सणाच्या दिवशी उकडली आणि दुपारी पायरीवर सोलायला घेतली. शेजारी हैफाहून आलेल्या विहीणबाई पनिना. मी पिंपाआड श्वास रोखून उभी.

पहिलं अंडं टिचकलं. दोन बोटांत टरफल सुटलं. दुसरं तसंच, तिसरंही.

"काय गुळगुळीत निघाली हो! केलंत तरी काय?" पनिनाबाईंनी विचारलं.

एस्तेरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काही नाही हो, शिळी केली. ताजी होती तोवर छळलं मेलीनं. ठाण्याला आम्ही शिळीच अंडी खात होतो की, विहीणबाई!"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. माझी मान वाचली.

तेव्हापासून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख पडते आणि उकडायचं अंडं दहा दिवस कपाटात थांबतं.

आता १९६४चा पेसाख तोंडावर आलाय आणि माझी अंडी खरोखर आटलीत. महिनाभर एकही नाही. एस्तेरबाई रोज सकाळी कंबर धरून वाकतात. पिंपाखाली बघतात, सरपणात हात घालतात. "कुठं लपवलीस गे, नवाबीण?" असं लाडानं विचारतात.

त्या शोधतायत तोवर मी जिवंत आहे. लोदला कधी आलात, तर एवढी कृपा करा: त्यांना काही सांगू नका.