हवा खाणाऱ्यांचा संप

“भैय्याजी, कूलर घ्यायचा आहे, का नुसती हवा खायले येता?”

प्रश्न गोपिकाने विचारला, पण शब्द तिच्या मैत्रिणीचे, जयाचे होते आणि पैज दुसऱ्या मैत्रिणीची, प्रेमिलाची होती. पैज एका आइसफ्रूटची. त्या दोघी दुकानाच्या दाराशी रचून ठेवलेल्या, कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांमागे उकिडव्या बसून, तोंडात ओढणीचे बोळे कोंबून ऐकत होत्या. हिंमत तेवढी गोपिकाची स्वतःची होती, आणि तीही अगदी ताजी. फेब्रुवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात ती पाच मिनिटांचं भाषण अकरा मिनिटं बोलली होती. बाईंनी तीनदा घंटी वाजवली, तिने तीनदा घंटीपेक्षा मोठा आवाज काढला. तेव्हापासून तिचा आवाज काही खाली आला नव्हता.

तीन नंबरच्या कूलरसमोर डोळे मिटून बसलेल्या भैय्याजींची पापणी हलली.

आता हे भैय्याजी कोण, ते सांगायला हवं. भैय्याजी म्हणजे ‘गारवा कूलर’चं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. इंदोरा वस्तीत, कामठी रोडला लागून असलेलं हे दुकान गोपिकाच्या बाबांनी, आनंदरावांनी, मिलमधली नोकरी सुटल्यावर टाकलं. पत्रा स्वतः कापायचे, टाकी स्वतः जोडायचे, ताट्या स्वतः बांधायचे. दुकान उघडलं त्याच पहिल्या उन्हाळ्यात भैय्याजी आले आणि म्हणाले, “एक चांगला कूलर दाखवा.” हा त्यांचा तिसरा उन्हाळा. ते अजून पाहत होते.

रोज बारा वाजता डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि काखेत पेपर असे ते यायचे. कांदा ऊन लागू नये म्हणून. तीन नंबरच्या बरोब्बर समोर, बाबांनी गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसायचे. “लावा बरं, पाहू कसा चालते,” म्हणायचे. दहा मिनिटं पाहायचे आणि मग डोळे मिटून पाहायचे. पाचला उठायचे. “उद्या पक्कं करू,” म्हणून जायचे.

बरं, नुसते झोपले असते तरी चाललं असतं. पण गिऱ्हाईक म्हटलं की तक्रार आलीच. “आनंदराव, ताट्या वाळल्या, पाणी टाका.” “आनंदराव, खुर्चीचा खिळा टोचते, गिऱ्हाइकाची काही कदर आहे का नाही?” एकदा लाइन गेली, तर भैय्याजी दचकून जागे झाले आणि आनंदरावांकडे असे पाहू लागले, जणू वीज तेच बनवतात. “असं दुकान चालते काय गा?”

भैय्याजींच्या मागोमाग तुळसाबाई आल्या. त्या नातवाला आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन बसायच्या. तुळसाबाईंच्या मागोमाग लहानू टेलर आला. तो काज-बटनाचं काम घेऊन यायचा आणि कूलरची हवा लागली की कापड उडते, म्हणून कूलर हळू करायला लावायचा. मग भैय्याजी जागे होऊन तो जोरात करायला लावायचे. हळू, जोरात, हळू, जोरात. बटन फिरवून फिरवून गोपिकाच्या बोटाला घट्टा पडला होता.

ह्या सगळ्यात खरं गिऱ्हाईक यायचं, दारातून डोकवायचं, खुर्च्या भरलेल्या पाहायचं आणि पुढच्या चौकात जायचं. मार्चपासून एक कूलर विकला गेला होता, तोही गोपिकाच्या आजोबांना. आणि सहा कूलर, एक ते सहा नंबर रंगवलेले, ओळीने उभे होते.

मामाने कळमेश्वरच्या एका कारखान्यात बाबांसाठी शब्द टाकला होता. तिथले लोक एक जूनपासून या म्हणाले होते. हे सहा गेले नाहीत तर दुकान बंद करून बाबा कळमेश्वरला, आणि आठवड्यातून एकदा घरी. हे गोपिकाला माहीत होतं. बाबा रात्री पत्रा कापायची कात्री पुसून ठेवायचे, तेव्हा ती हातात जरा जास्तच वेळ धरून ठेवायचे, हेही तिने पाहिलं होतं. नाहीतर एका आइसफ्रूटसाठी कोण असं विचारते?

तर भैय्याजींनी डोळे उघडले. पेपरची घडी घातली. त्या घडीची घडी घातली.

“काय म्हणाली वं तू?”

गोपिकाने पुन्हा म्हटलं. ताट्यांमागून जयाचा ठसका ऐकू आला.

“घ्यायचा आहे,” भैय्याजी म्हणाले. “काहून नाही घ्यायचा? पाहून राहिलो ना.”

“तीन वर्षांपासून?”

“पोरीसाठी जावई पाहाले मले पाच वर्षं लागले. तो तर बिना पाण्याचा चालते!”

“पोट्टीचं नाही चुकलं,” तुळसाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. “आनंदरावाचं चुकलं. शाळेत टाकलं.”

भैय्याजी उभे राहिले. कांदा चाचपला. “चला गा लहानू. चला तुळसाबाई. ही पोरगी चारचौघांत माफी मागत नाही, तोपर्यंत या दुकानात पाय ठेवायचा नाही. आणि कूलर तर घ्यायचाच नाही!”

“पण तुम्ही तर तसाही घेत—”

“आता मुद्दाम नाही घेणार!”

आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू व्हायला दोन दिवस असताना, भर सव्वा बाराच्या उन्हात, तिघं जण आणि एक नातू दुकानाबाहेरच्या पायरीवर, कडुनिंबाच्या चिमूटभर सावलीत जाऊन बसले. लहानूने अस्तराच्या काळ्या कापडावर टेलरच्या खडूने ‘माफी मागा’ असं लिहिलं आणि ते निंबाच्या फांदीला टाचून दिलं. अक्षर सुरेख होतं.

इतवारीच्या बाजारातून सायकलवर वाळा लादून आनंदराव परत आले, तेव्हा त्यांना आधी कापड दिसलं, मग माणसं, आणि मग रिकामी खुर्ची. खुर्ची पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“गोपिका! गिऱ्हाईक गेलं ना वं!”

“बाबा, कोणतं गिऱ्हाईक? यांनी आजपर्यंत काही घेतलं काय?”

“घेतलं नाही म्हणूनच तर घेणार होते! ज्यानं घेतलं तो काय पुन्हा घेते?”

असल्या मुद्द्याला काय म्हणायचं, ते वक्तृत्वात शिकवत नाहीत.

“आत्ताच्या आत्ता माफी माग,” बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो तिला जास्त लागला. “आधीच कमी आहे काय डोक्याले ताप?”

मागच्या खोलीतून आई, कौशल्या, पन्ह्याचा तांब्या घेऊन आली आणि सरळ पायरीकडे गेली. “संपावर बसलं म्हणून तहान लागत नाही काय?” म्हणत तिने तिघांना पन्हं दिलं. भैय्याजींनी निषेध म्हणून एकच पेला घेतला.

गोपिका मान खाली घालून निघाली. उंबऱ्यापर्यंत गेली असेल-नसेल, तेवढ्यात एक सायकल थांबली. सायकलवर शाळेतल्या मास्तरांसारखा माणूस.

“काय झालं काका? माल खराब निघाला काय?”

“माल?” भैय्याजींना ते सहन झालं नाही. “मालाले नाव ठेवाले जागा नाही! मी तीन वर्षांपासून बारा ते पाच समोर बसून राहिलो. सगळे लावून पाहिले. एक नंबर आवाज करते, पण झोप लागली का ऐकू येत नाही. पाच नंबरची हवा पार दरवाज्यापर्यंत जाते. पण या पोरीची जीभ पाहा!”

“माह्या नातवाची घामोळी गेली इथं बसून बसून,” तुळसाबाई म्हणाल्या. “पण जीभ लयच वाईट.”

“टाकी कधी गळली नाही,” लहानू म्हणाला. “खोटं काहून बोलू?”

मास्तरांनी जिभेचं ऐकून मान हलवली, सायकल स्टँडवर लावली, आत आले आणि पाच नंबर दाखवा म्हणाले. आत जागा होतीच. पाच नंबर त्याच दुपारी हातगाडीवर चढला.

आनंदरावांना वाटलं, योगायोग. “उद्या सकाळी माफी माग,” ते म्हणाले.

सकाळी ती माफी मागायला निघाली, तर संपाबद्दल ऐकून दोन बाया आल्या होत्या, एक नंबरच्या. म्हणजे एक नंबर हवा म्हणणाऱ्या. त्या एकमेकींशी भांडल्या, मग दुसरीने दोन नंबर घेतला. दुपारी ती पुन्हा निघाली, तर रेल्वेतले एक बाबू. संपवाले बाबूंना हाका मारून मारून मुलीची जीभ सांगत होते आणि त्या भरात पंप किती वर्षं टिकतो तेही सांगत होते. प्रेमिलाने तर रस्त्यावरची माणसं मोजायला घेतली. जया म्हणाली, “तू अजून कोणाकोणाले असंच विचार ना वं. आमच्या काकांचं किराणा दुकान आहे.”

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात एकच कूलर उरला. तीन नंबरचा.

तेव्हा मौद्याचे एक पाटील आले, धोतर, मोठी छत्री. थेट तीन नंबरपाशी गेले, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, “हाच द्या.”

पायरीवर काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. तुळसाबाईंचे तांदूळ.

भैय्याजी दारात आले. पाय बाहेरच ठेवला, मान मात्र आत घातली. “तो नका घेऊ.”

“काहून?”

तीन दिवसांत भैय्याजी कूलरबद्दल एकही वाईट शब्द बोलले नव्हते, आणि आता त्यांना तो सापडत नव्हता. “तो... हवा फेकते.”

“मग?”

“एकाच माणसावर फेकते. बाकीचे कोरडे राहतात. आणि... ऐन दुपारी झोप लागते. शेतीवाल्या माणसानं झोपावं काय?”

पाटील विचारात पडले. इतके दिवस खरं बोलणाऱ्या माणसावर सगळा रस्ता विश्वास ठेवत होता, त्यांनीही ठेवला. नवीन कूलर बनवून द्या, म्हणाले. शेजारच्यासाठीही एक. पुढच्या आठवड्यात हीच बैलगाडी पाठवतो.

आनंदराव सुतळीने रस्त्यावर उभ्या पाटलांच्या बैलगाडीचं माप काढायला बाहेर गेले. गोपिका पायरीवर भैय्याजींशेजारी जाऊन बसली. दगड तव्यासारखा तापला होता. तीन दिवस हे लोक ह्यावर बसले होते, हे तिच्या मांडीला तेव्हा कळलं.

“भैय्याजी,” ती अगदी हळू म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. “खरंच सांगा. तुम्ही कूलर काहून नाही घेत?”

भैय्याजींनी रस्त्याकडे पाहिलं. तुळसाबाई तांदूळ वेचत होत्या, त्यांनी नातवाला पलीकडे नेलं.

“घरी लाइन नाही वं माह्या,” ते म्हणाले. “खांब गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तीन वर्षांपासून म्हणतात, पुढच्या महिन्यात. लाइन आली का दुसऱ्या दिवशी घेतो, तोच घेतो, तीन नंबर. पण कोणाले सांगू नको. मी गिऱ्हाईक आहो.”

गोपिकाला भाषणातलं एकही वाक्य आठवेना. ती नुसती मान हलवून “हाव” म्हणाली.

संध्याकाळी दुकानात बाबा उकाड्यात बसले होते. तीन नंबर कोणासाठी लावणार, म्हणून बंद होता. आई तांब्या विसळत होती.

“गोपिका, आता पुरे झालं,” बाबा म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाले लू लागंन. आपला माल खपला, अन् ते उन्हात. हे काही बरं दिसत नाही. आज जा अन् माफी मागून ये.”

“माफी मागितली का ते आत येतील,” गोपिका म्हणाली.

“हो ना.”

“ते आत आले का गिऱ्हाईक चौकात जाईल.”

बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

गोपिका उठून तीन नंबरपाशी गेली आणि एका बाजूने त्याला धरून पाहिलं. जड होता. उचलायला दोघं लागले असते. मग वळून, घंटी वाजली तरी न थांबणाऱ्या आवाजात तिने आईबाबांना सांगितलं:

“मी ठरवलं आहे. तीन नंबर विकायचा नाही, त्याचं गिऱ्हाईक पक्कं आहे, ते अजून पाहून राहिलेत. उद्यापासून तो बाहेर ठेवायचा, निंबाखाली, पायरीकडे तोंड करून. ती खुर्चीही बाहेर न्यायची, अन् आधी तिचा खिळा ठोकायचा. संप तिथंच चालू राहील, सावलीत, हवेत. मामाले कळवा, बाबाले कळमेश्वरले यायले वेळ नाही, मौद्याचे दोन कूलर बनवायचे आहेत. अन् माफी मी मागणार आहो, चारचौघांत, मोठ्यानं, अकरा मिनिटं. पण जूनमध्ये, पाऊस पडल्यावर. धरा बाबा त्या बाजूनं.”