चार नंबरचा माईक

“मी ‘झालं’ म्हणेपर्यंत माझा माईक बंद करायचा नाही. टाळ्या वाजोत, पडदा पडो, दिवे जावोत. मी म्हणेन तेव्हाच. कळलं?”

मावशीने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता सांगावं इतक्या सहज. अकरा वर्षं कानवालीने ते पाळलं. कार्यक्रम संपला की मावशी माईक ओठांजवळ न्यायची आणि शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात ‘झालं’ म्हणायची. तो शब्द एकट्या कानवालीच्या कानात पोचायचा. मग ती मिक्सरवरची चार नंबरची पट्टी खाली ओढून माईक बंद करायची आणि दोघींचा दिवस संपायचा.

कानवाली हे काही तिचं नाव नव्हे, कामावरून पडलेलं. प्रेक्षकांना काय ऐकू जावं हे सभागृहाच्या मागच्या टोकाला बसलेला दुसराच माणूस ठरवतो. रंगमंचावरच्यांना आपलं आपल्याला काय ऐकू यावं, ते कानवाली ठरवायची. बाजूच्या पडद्याआड तिचा मिक्सर असे आणि तिथून प्रत्येकाच्या कानातल्या बोंडात ज्याचं त्याला हवं ते जाई. कुणाला ढोल जास्त, कुणाला स्वतःचाच आवाज जास्त. “माणसाचा स्वभाव ओळखायचा तर तो कानात काय मागतो ते बघावं,” असं ती म्हणायची.

मावशीही कुणाची मावशी नव्हती. ती मागे उभी राहून गायची. पुढे चिमणी. सोळाव्या वर्षी एका हलक्याफुलक्या गाण्याने ही मुलगी घराघरांत पोचली, आणि उंच, पातळ, लखलखीत आवाजामुळे चिमणी हेच नाव तिला चिकटलं. त्या आवाजाच्या खाली मावशीचा आवाज असायचा, घुमणारा, जमिनीलगतचा. घर दिसतं, पाया दिसत नाही, तसं ते होतं.

मागच्या दौऱ्याच्या शेवटच्या कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याच्या मध्यावर मावशी खाली बसली. तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत सभागृहवाल्यांनी मुख्य बटण बंद केलं आणि सगळंच विझलं. चार नंबरची पट्टी वरच राहिली. ‘झालं’ कुणी म्हटलंच नाही.

सहा दिवस ती जगली. पाचव्या दिवशी दुपारी तिने कानवालीला जवळ बोलावलं.

“माझी आई ठार बहिरी आहे, तुला ठाऊकच आहे. लहानपणी मी गायला लागले की माझ्या गळ्यावर तळहात ठेवायची. हाताने ऐकायची गं ती. कुठलं गाणं आहे तेसुद्धा सांगायची. आता माझा गळा तिला कुठून आणून देऊ? तो माईक तिच्या हातात नेऊन दे. मग मी झालं म्हणेन.”

“देईन मावशी.”

“उद्या-परवा करू नकोस.”

“नाही करणार.”

आई राहायची ते गाव बसने अडीच तासांवर. पोस्टाच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर, पायरीशी मोडका लोखंडी कठडा. पत्ता कानवालीच्या पर्समध्ये घडी करून होता. पहाटे उठून अर्धा तास डोळे मिटून देवासमोर बसायचं आणि तोवर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तिचा नेम वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. हा दुसरा, मावशीला दिलेला शब्द, मात्र रोज चुकत होता. आधी पावसाळी रस्ते, मग भाचीचं बाळंतपण, मग नवा दौरा. आठ महिने गेले.

नवा दौरा म्हणजे चिमणीने घातलेला घाट होता. “चिवचिव पुरे झाली,” ती म्हणाली. “चौतिसाव्या वर्षी फ्रॉक घालून उड्या मारू का? मला गरजायचंय.” आधीच तयार करून ठेवलेलं, गाण्यामागे वाजवायचं संगीत बंद. दोन गिटार, ढोल आणि अंगावर येणारा आवाज. तीच जुनी गाणी, पण रॉक. मुख्य गिटारला आला तो दाढी, नावही दाढीवरूनच पडलेलं. त्याच्या गिटारपेक्षा त्याची दाढीच सुरात असते, असं बाकीचे म्हणत, आणि तोही हसून मान डोलवी. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं तेवढं चिमणीने जुन्यासारखं ठेवलं होतं. त्यात गिटार थांबते आणि ती एकटी वरचा सूर लावते. “तो माझाच आहे,” ती म्हणायची. “तो नाही लागला तर मी कोण?”

पहिल्या तालमीच्या दिवशी दाढीच्या गिटारचा आवाज जिथून निघतो त्या खोक्यासमोरचा माईक मेला. कानवालीने पेटी उघडली. सर्वांत वर चार नंबर होता, जाळीला एक पोचा, मानेशी मावशीने गुंडाळलेला निळा दोरा. गाण्याचा माईक गिटारला लावण्यात वावगं काही नसतं, या धंद्यात सगळेच लावतात. आजच्यापुरता, ती मनाशी म्हणाली, आणि लावला. उद्या दुसरा येईल.

तो ‘आज’ महिनाभर चालला, कारण त्या दिवशीच सगळे थक्क झाले. दाढीची गिटार गरजत होती आणि तिच्या तळाशी काहीतरी घुमत होतं, विहिरीत कुणी गुणगुणावं तसं.

“ताई, काय केलंस काय?” दाढी म्हणाला. “माझा हात एवढा चांगला नाही, हे मी माझ्या आईलाही कबूल करतो.”

वर्तमानपत्रांनी त्या आवाजाचं कौतुक केलं. कानवालीला मात्र बरं वाटेना. तिने वायर बदलली, जोडणी बदलली, खोका दुसरीकडे हलवला. घुमणं तसंच. दुसऱ्या गावी धीर करून तिने माईकच बदलला. गिटार एकदम कोरडी ठाक पडली. दाढीने तोंड वाकडं केलं, आणि चिमणी गाणं थांबवून म्हणाली, “ताई, माझ्या पायाखालचं काहीतरी काढलंस का? ठेव परत.”

तिने परत ठेवला. हे तिलाही नंतर फार लागलं. कळत असून ठेवला.

तिसऱ्या गावापासून चिमणीचा आवाज उतरू लागला. आधी अर्धा सूर, मग एक. वरची जागा आली की ती खाली वळायची, उतारावरून पाणी वळावं तशी. डॉक्टरने घशात बॅटरी मारून बघितलं. “घसा लहान मुलासारखा स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“मग वर का जात नाही?”

“ते तुम्हीच सांगा. जायचं मनात आहे का?”

चौथं गाव मोठं होतं. उद्या तिथे कार्यक्रम, आणि त्याचं चित्रीकरण. दुपारी तीनला आवाजाची चाचणी लागली. रिकाम्या खुर्च्या, वरच्या झरोक्यातून आलेला उन्हाचा एक तिरका पट्टा, खाली झाडणाऱ्या बाईच्या केरसुणीचा खरखराट. शेवटचं गाणं घेतलं. गिटार थांबायच्या जागी थांबली. दाढीने खोक्याचं बटण बंद करून वायरही उपसली, कारण त्याला पाणी प्यायला जायचं होतं.

चिमणीने वरचा सूर घ्यायला श्वास भरला, आणि तिच्या तोंडून खालचा निघाला.

कानवालीने मिक्सरकडे बघितलं. चार नंबरचा हिरवा दिवा श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता. खोका बंद होता. माईकसमोर कुणीच नव्हतं. पण तिच्या कानात कुणीतरी गुणगुणत होतं, सावकाश, शेवटच्या गाण्याच्या मध्यापासून पुढे, जिथे मावशी खाली बसली होती तिथून पुढे. ओळ संपायच्या आधीच गाणारी मागे फिरे, आणि पुन्हा तिथूनच सुरू करी.

“ताई,” चिमणी म्हणाली. तिने कानातली दोन्ही बोंडं काढून हातात धरली होती. “हे कानात नाहीये आता. तरी ऐकू येतंय. माझ्या छातीत आहे.”

झाडणारी बाई थांबली. “कोण गातंय हो?” तिने खालून विचारलं. “तुमचं तोंड तर मिटलेलं दिसतंय.”

कानवाली उठून रंगमंचावर गेली. तिने चार नंबरचा माईक स्टँडवरून काढला, वायर सोडवली. वायर काढलेला माईक म्हणजे लोखंडाचा तुकडा. पण तिच्या मुठीत तो थरथरत होता, बारीक, एकसारखा. गाणाऱ्या माणसाच्या गळ्यावर हात ठेवला तर लागेल तसा. आणि कोमट होता.

तिथेच खोक्यावर बसून तिने चिमणीला सगळं सांगितलं. दवाखान्यातली दुपार, बहिरी आई, गळ्यावरचा हात. आठ महिने. काही लपवलं नाही.

चिमणीने हातातली बोंडं मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “तरीच. मला वाटलं, मी धीट झाले. गर्जना करताना भीतीच वाटत नव्हती. ती खाली होती म्हणून, होय ना?”

“असेल.”

“ती गेली तर गिटार उद्या कोरडी पडेल. चित्रीकरणात तेच दिसेल.”

“पडेल.”

“आणि राहिली तर?”

चिमणीने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, आणि झटकन काढला.

तेवढ्यात दाढी पाण्याची बाटली घेऊन परत आला. माईक काढलेला बघून त्याचा चेहराच पडला. “ताई, उद्याचा दिवस जाऊ दे ना. एकच दिवस. परवा हवं तर मी स्वतः पोचवतो, पाया पडून.”

“हेच तर आठ महिने म्हणतेय मी,” कानवाली हळूच म्हणाली. “दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की किती वाईट वाटतं बघ.”

दाढीने मान खाली घालून गिटारचे कान पिळायला घेतले, ते जुळलेलेच होते तरी.

“सकाळची बस कितीला?” चिमणीने विचारलं.

“साडेसहा. इथूनही अडीच तासच. परतीची साडेअकराला आहे. उद्याच्या चाचणीच्या आधी पोचते.”

“नाही पोचलीस तर?”

“तर तुझ्या कानात तुझाच आवाज ठेवून जाते. दुसरं काही नाही. सवय कर.”

चिमणी कसनुशी हसली. “मला तो ऐकून वर्षं झाली गं.” मग माईककडे न बघता म्हणाली, “तिला सांग, मी... नको. तू सांगूच नकोस. मीच उद्या वरच्या सुरात सांगेन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे कानवाली नेहमीसारखी उठली, डोळे मिटून बसली. आज हात जोडलेले राहत नव्हते, मांडीवरच्या रुमालाकडे जात होते. रुमालात माईक होता, निळा दोरा वर काढलेला. गाणं तिथेच होतं, तीच अर्धी ओळ, पुढे जाऊन मागे फिरणारी.

आज ती पाणीही न घेता निघाली. मुक्कामाच्या खोलीचं दार तिने आवाज न करता ओढून घेतलं. जिन्याकडे जाताना, शेजारच्या खोलीच्या दाराशी, तिला चिमणीचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मागोमाग एक सूर, कच्चा, डगमगता, पण वर जाणारा. कानवाली थांबली नाही. तिने रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली, पर्समधला पत्ता चाचपला, आणि थरथरणारी मूठ पदराखाली धरून बसथांब्याच्या दिशेने चालू लागली.

“आलेच,” ती मुठीला म्हणाली. “एवढी ओळ पुरी कर. मग ‘झालं’ म्हण.”