गुडघे ठरेपर्यंत गाडी बंद

मी पडले ती वळणावर सांडलेल्या खडीमुळे. वेग इतका कमी होता की 'आता आपण पडणार' हा विचार मला आरामात पूर्ण करता आला, आणि मग मी पडले. रक्ताच्या नमुन्यांची पेटी शाबूत राहिली, मोटरसायकलचा आरसा फुटला, माझा उजवा गुडघा सोलवटला. मी एका लॅबसाठी सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढते, त्यामुळे रक्ताचं मला फारसं कौतुक नाही. पेटीतलाच कापूस घेतला, औषध लावलं, पट्टी बांधली आणि राहिलेली घरं उरकून घरी आले.

खरा अपघात घरी झाला.

नवऱ्याने पट्टीवर उमटलेला लाल डाग पाहिला आणि तो चपलांच्या मांडणीवर मटकन बसला. तो प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. कुठलीही वस्तू आधी आपटून बघायची आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा, हे त्याचं कारखान्यातलं काम. ते तो घरीही फुकटात करतो. नवीन खुर्ची आली की आधी तिच्यावर गव्हाचं पोतं बसतं, मग माणसं. मला पसंत करताना त्याने नुसता चहा पिऊन होकार कसा दिला, याचं मला आजही नवल वाटतं.

जरा रंग परत आल्यावर त्याने फर्मान काढलं. "गुडघ्याला काय बांधायचं ते ठरेपर्यंत गाडी बंद."

"अरे, पट्टी आहे की. उद्या कामावर जायचंय मला."

"बसने जा. आई, ही चावी तुझ्या कपाटात ठेव."

सासूबाईंनी चावी घेतली, कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली कमरेला खोचली. त्यांचं माझ्याशी काही वाकडं नाही. पण मुलाने काही ठेवायला दिलं की त्या बँकेसारख्या वागतात.

आता सकाळची फेरी म्हणजे काय, ते सांगायला हवं. लोक रात्रीपासून उपाशी असतात आणि रक्त दिल्याशिवाय त्यांना चहाही मिळत नाही. उशीर झाला की चांगली चांगली माणसं दारातच अंगावर येतात. माझ्या फेरीत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सुई बघून ते डोळे घट्ट मिटतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. एक आजीबाई शीर सापडेपर्यंत मला सुनेच्या कागाळ्या सांगतात. ती फेरी माझी होती. गाडीवर बसल्यापासून लॅबच्या दारापर्यंत मला कुणी काही विचारत नसे आणि कुणी काही शिकवत नसे. मला ती जीव की प्राण होती, यात लाजण्यासारखं काही नाही.

बसने जायला लागले आणि फेरीचा बोजवारा उडाला. मुख्याध्यापकांनी लॅबला फोन करून माझा निबंधाएवढा निषेध नोंदवला. लॅबच्या मॅडमनी मला आत बोलावलं.

"हे बघ, तुझा हात हलका आहे, मला कबूल आहे. पण नमुने उन्हात बसस्टॉपवर उभे राहून चालत नाहीत. येत्या सोमवारी गाडी नसेल तर फेरी दुसरीला देते. तू आत बसून बाटल्यांवर नावं चिकटव."

मी घरी येऊन हे सांगितलं. नवरा गंभीर झाला. "म्हणजे आता घाईने काही करून चालणार नाही," तो म्हणाला.

घरात सल्ला द्यायला सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेलेच होते. त्यात पहिला माझा दीर. त्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. बसमध्येही तो खिडकी सोडून आतल्या बाजूला बसतो. पण व्हिडिओ बघून बघून तो या विषयात इतका मुरला की बोलताना ब्रेक दाबल्यासारखा पाय हलवायला लागला.

"वहिनी, हे बघा. शर्यतीतला माणूस पडला, रस्त्यावरून घसरत गेला, घसरत गेला आणि उठून लोकांना हात केला! गुडघ्याला साधं खरचटलंसुद्धा नाही."

"भावोजी, मला पुढच्या घरी रक्त काढायचं असतं. हात कुणाला करू?"

"तसं नाही हो. या नी-गार्डमध्ये बिजागरीवाले असतात, पँटच्या आत घालायचे असतात, वरून बांधायचे असतात. तुमची प्रकृती कुठली ते आधी ठरवावं लागेल."

सासूबाईंचा तोडगा सोपा होता. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची, मेडिकलमधून आणलेली ताणाची नी-कॅप त्यांनी माझ्यापुढे धरली. "ही घाल. मी इतकी वर्षं घालतेय, एकदा तरी पडले का?"

"आई, तुम्ही मोटरसायकल कुठे चालवता?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

नवरा मात्र बोलणाऱ्यांतला नव्हता, करणाऱ्यांतला होता. तेच वाईट झालं. तो कामावरून सुटल्यावर दुकानं पालथी घालायचा आणि दमून घरी यायचा. मी बसच्या धक्क्यांनी खिळखिळी होऊन परतायचे तेव्हा जिन्याखाली माझी गाडी उभी असायची, वर कव्हर नीट चढवलेलं. मनात यायचं, गाडीची तरी काळजी घेतोय बिचारा.

त्याने पहिली जोडी आणली ती कडक वाटीची. मी हात पुढे केला, तर त्याने बाल्कनीत पाट मांडून त्यातल्या उजव्यावर हातोडा घातला. वाटीला तडा गेला. "नापास," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

दुसरी जोडी मऊ, दाट फोमची. उजव्यावर हातोडा घातला, काही झालं नाही. पुन्हा घातला. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, काय कुटताय? तो कुटतच राहिला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "पास!"

"मग दे इकडे."

"वेडी आहेस का? हातोडा खाल्लेला नग वापरायचा नसतो. एकदा मार बसला की त्यातला दम जातो. हा फक्त नमुना. आता अशीच दुसरी जोडी आणतो."

तशीच दुसरी जोडी आली. त्याने खोक्यावरचा शिक्का वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "ही वेगळ्या खेपेची आहे गं." कारखान्याचा नियम असा की प्रत्येक खेपेतला एक नग फोडून बघायचा. बादल्यांची खेप म्हणजे ट्रकभर बादल्या, एक फुटली तर कळतही नाही. इथे खेप दोन नगांची. त्यातला एक तो इमानदारीने फोडायचा. मला उजव्या गुडघ्याला लागलं होतं, म्हणून दर वेळी उजवाच फोडायचा. पुढच्या जोडीचं तेच झालं, तिच्या पुढच्या जोडीचंही तेच. हळूहळू आमच्या सोफ्यावर डाव्या गुडघ्यांचा ढीग जमला.

"अरे, मला दोन पाय आहेत," मी एकदा ओरडले. "आणि दोन्ही डावे नाहीत!"

"पण आता दर्जाबद्दल शंका नाही ना राहिली?" तो म्हणाला. दिराने मान डोलावली.

रविवारी दुपारी अंतिम बैठक बसली. चहा झाला. नवऱ्याने जाहीर केलं की फोमचाच घ्यायचा, आणि मागवलेल्या नव्या खेपेला थोडे दिवस लागतील. मी म्हटलं, मला सोमवारी गाडी हवी आहे, सोमवार म्हणजे उद्या. तेवढ्यात माझं लक्ष ढिगाकडे गेलं. इतक्या दिवसांत त्यातलं एकही कुणी माझ्या पायाला लावून पाहिलं नव्हतं. मी एक उचललं, बांधलं आणि उभी राहिले. जरा सैल होतं, पण जागेवर होतं. मग डायनिंगची खुर्ची उलटी फिरवून, गाडीवर बसतात तशी तिच्यावर बसले. ते सरकून थेट नडगीवर गेलं. गुडघा वरती उघडा, माझ्याकडे बघतोय.

"माप कुणाचं घेतलं होतंस?"

नवऱ्याने आपल्या मांडीवर हात ठेवला. "मी घालून बघितलं ना. घरभर चालून बघितलं. मला अगदी फिट होतं."

"आणि मला?"

"उभी राहा, उभं राहिल्यावर बसतंय बरोबर."

"म्हणजे पडायच्या आधी मी उभी राहू? रस्त्याला सांगू, थांब जरा, गुडघा जागेवर येऊ दे?"

दीर हसला. त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने मोबाइल तोंडासमोर धरला. माझं डोकं तापलं होतं. गुडघा माझा, पडले मी, नोकरी माझी, आणि या सगळ्या खटाटोपात एवढी एक गोष्ट कुणाला सुचली नव्हती. मी पर्स उचलली आणि निघाले.

दुकानात गेले, स्टूल मागितलं आणि त्यावर गाडीवर बसतात तशी बसले. गुडघा वाकवून एकेक जोडी चढवली. वाटी हाडावर राहते का ते बघितलं, पट्टा गुडघ्यामागच्या खोबणीत काचतो का ते बघितलं. मग दुकानाचा जिना चढून उतरून आले. एक जोडी घसरली, एक काचली, तिसरी जिथल्या तिथे राहिली. दुकानदाराचा चहा निवायच्या आत माझं काम झालं होतं. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी इतके दिवस बसच्या मागे धावले, याचा मला दुकानातच इतका राग आला की पाठ फिरवून जरा डोळे पुसून घेतले.

दोन्ही पायांना चढवूनच घरी आले. बैठक अजून उठली नव्हती.

"कुणाला विचारून आणलंस?" नवऱ्याने विचारलं.

"गुडघ्याला."

त्याने वाकून निरखून पाहिलं. सवयीने त्याचा हात बाल्कनीच्या दारामागे गेला आणि हातोडा घेऊन आला. "काढ जरा. एकदा बघू दे."

मी काढलं नाही. खुर्चीवर बसले, उजवा पाय पुढे केला. "इथेच मार. पायात असतानाच. तुझी तपासणी एकदाची पुरी होऊ दे."

त्याने हातोडा उचलला. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. तो तसाच उभा राहिला, हात वर, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग त्या दिवशीसारखाच उतरला. हातोडा हळूच खाली आला आणि त्याने तो पाठीमागे लपवला.

"नाही मारवत," तो म्हणाला. "त्या दिवशी तू दारात आलीस ना, ते रक्त बघून माझे हातपाय गळाले. मला वाटलं, अजून थोडं झालं असतं तर? तेव्हापासून मला भीती वाटते गं. काहीतरी ठोकत बसलो की जरा कमी वाटते."

मला त्याची दया आली. रागही होताच, तो कुठे गेला नव्हता. "भीती तुला वाटते आणि गाडी माझी बंद," मी म्हटलं. "आई, चावी."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. मुलाने मान डोलावली, तेव्हा कपाट उघडलं.

सोमवारी पहाटे सगळं बांधूनसवरून गाडीवर बसले. गाडी सुरू झाली, खोकली आणि बंद पडली. गाडी हलवून बघितली तर टाकीत थेंब नाही. मी पडले त्याच्या आदल्या दिवशी तर भरली होती.

"पेट्रोल कुठे गेलं?"

पायजम्यात दारात उभा असलेला नवरा खाली बघायला लागला. "अगं, एवढी दुकानं काय पायी हिंडलो मी? तुझ्या गुडघ्यांसाठीच हिंडलो ना. आई द्यायची चावी."

"आणि तुझ्या गुडघ्यांना काय बांधलं होतंस?"

त्याने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते आपल्यालाही आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं बहुतेक. मग तो गाडीच्या मागे गेला आणि ढकलायला लागला. मी हँडल धरून बसले. रबरी चपलांत, धापा टाकत, त्याने मला पेट्रोल पंपाच्या दिशेने नेलं. वाटेत ते वळण होतं. खडी जिथल्या तिथे होती. इतक्या बैठकांत ती झाडून घ्यावी हे काही कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. त्याची चप्पल सटकली आणि तो गुडघ्यावर आपटला.

मी उतरले, पेटीतला कापूस घेतला, औषध लावलं, पट्टी बांधली. त्याने मुख्याध्यापकांसारखे डोळे घट्ट मिटून घेतले होते. मग आम्ही पंप गाठला आणि मी फेरीला गेले. मुख्याध्यापकांनी घड्याळ दाखवलं, मी गुडघे दाखवले. फेरी माझ्याकडेच राहिली.

संध्याकाळी नवरा लंगडत कामावरून आला, चपला काढून सोफ्यावर टेकला. मी डाव्या गुडघ्यांचा ढीग त्याच्यासमोर सरकवला. त्याच्याच मापाचे होते.

"चालताना गुडघ्याला काय बांधायचं ते आधी नीट ठरवू या," मी म्हटलं. "घाई नको. ते ठरेपर्यंत चालणं बंद."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. मी त्याच्या चपला उचलून सासूबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. या खेपेला त्या मुलाच्या मानेसाठी थांबल्या नाहीत. चपला कपाटात गेल्या, आणि किल्ली कमरेला.